खेड-शिवापूरचा निरोप

गेल्या श्रावणातली गोष्ट. वर्गात ‘लीळाचरित्र’ शिकवीत होतो. तास संपवून मोबाईल पाहतो तो, माझ्या गाडीचा टोल खेड-शिवापूरच्या नाक्यावर कापला गेल्याचा निरोप! तासाभराने दुसरा, आणेवाडीचा. गाडी तर कन्येने नेली होती, ‘कोथरूडला मैत्रिणीकडे’ म्हणून. आणेवाडीच्या पुढे सातारा. तिथे माझी थोरली बहीण राहते. वाटणीवरून आमचा अबोला पडला, त्याला तीन भाऊबिजा झाल्या. पोरगी माझ्या नकळत आत्याला भेटायला गेली होती.

काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते. त्यांच्याच बळावर आतली चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर हा फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या खऱ्या. पण पैशांबरोबर वेळेची आणि ठिकाणाचीही नोंद होऊ लागली. याच जातीच्या चिपा आता कार्डांत नि पासपोर्टांत असतात, आणि अशा चिपा जवळून वाचण्याची सोय पुष्कळ मोबाईलांतच असते. विचारील त्याला नाव सांगणारी चिप म्हणजे भोळा चाकरच म्हणायचा!

तुम्ही म्हणाल, क्रमांक सांकेतिक करावा. महानुभावांनी सकळ लिपीत पोथ्या लिहिल्या. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. इथे तर तेवढेही कष्ट नकोत. अर्थ न कळताही तीच खूण रोज दिसली, की ‘हा तोच’ एवढे समजते. म्हणून शास्त्रज्ञांनी तोड काढली: चिपने आधी विचारणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, आणि दर खेपेस नवे उत्तर द्यावे, ते खऱ्या यंत्रालाच उमगावे.

पण निरोप ज्याच्या हक्काने हाती येतो, त्याचे काय? तिथे गणित थांबते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो निकाल मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. मग घरातल्या वीस वर्षांच्या मुलीला तो हक्क नाही काय? शिवाय, तिला लपून जावे लागले ते कुणामुळे?

रात्री ती आली. “बाबा, जेवलात?” म्हणाली. मी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन फास्टॅगला तिचा नंबर जोडून दिला.

यंदा भाऊबिजेला खेड-शिवापूरचा निरोप तिच्या मोबाईलवर येईल. त्या वेळी गाडी मी चालवीत असेन.