रांग असावी, पण न्यायाची

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्या-कापसाचा मराठी मुलूख १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील शेतकरी आणि गोव्यातील ठेवीदार यांचे दुःख एकाच जातीचे आहे असे आम्ही म्हटले, तर वाचकांना नवल वाटेल. पण २०२० साली म्हापसा अर्बन आणि २०२१ साली मडगाव अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा आपल्याच पैशासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे गोमंतकीयांनी अनुभवले आहे.

मंडीत विकलेल्या मालाची किंमत त्याच दिवशी चुकती व्हावी, असे मध्य प्रदेशचा १९७२चा मंडी कायदा सांगतो. परंतु माल उधारीवर गेला आणि तो घेणारी कंपनीच बुडाली, तर? २०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी मोडीत निघाल्यावर आधी प्रक्रियेचा खर्च भागतो. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारणधारक बँका एका पायरीवर येतात. माल पुरविणारा शेतकरी सरकारी देण्यांच्याही खाली. झऱ्याचे पाणी तेथवर पोचेपर्यंत बहुधा आटलेले असते.

वित्तीय धनको आणि माल पुरविणारे धनको यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्विस रिबन्स खटल्यात ग्राह्य धरला. बँकेतील पैसा अखेर ठेवीदारांचाच, हेही आम्ही विसरत नाही. पण बँक तारण घेते, व्याज लावते, जोखीम तोलून पाहते. शेतकऱ्याला यांतले काय करता येते? तोडलेली संत्री घरात साठवता येत नाहीत, म्हणून तो उधारीला मान डोलावतो. त्याला स्वेच्छेचा सावकार समजणे ही क्रूर थट्टा होय.

येणे रक्कम हीसुद्धा मालमत्ताच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या बोनसप्रकरणी म्हटले होते. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, हे अनुच्छेद ३००-अ बजावतो. मनमानीने कोणाला मालमत्तेपासून वंचित करू नये, असे १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामाही सांगतो. कायदा आहे एवढ्याने भागत नाही. तो न्याय्यही असावा लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शेतमालाच्या थकीत किमतीला कामगारांच्या वेतनाच्या पायरीवर बसवावे. दोन्ही घामाचेच मोल आहे. बुडत्या घरातून सर्वांना सर्व मिळणार नाही, हे खरे. पण तूट सोसण्याची पाळी दरवेळी सर्वांत दुबळ्यावरच का यावी?