मारिकुप्पम ते ऊरगाम, पायी

कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स पाहायचं तर गाडीतून फिरू नये. बंगारपेटहून निघालेला रेल्वेचा फाटा मारिकुप्पमला संपतो. तिथे उतरावं आणि चॅम्पियन रीफवरून ऊरगामच्या दिशेने चालू लागावं.

आधी दिसतात त्या सपाट माथ्याच्या, पावसाने चरे पाडलेल्या राखाडी टेकड्या. या टेकड्या माणसांनी रचल्या आहेत. खडक दळून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेला हा भुगा. लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात. वारा सुटला की भुगा उडतो आणि पायथ्याच्या घरांत, पाण्यात, छातीत जातो.

1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी इथे आली. खाणींसाठी 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आणली गेली. बंगळूर शहराला ती मिळाली त्यानंतर तीन वर्षांनी. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचं मैदान झालं. अर्काट, चित्तूर भागांतून आलेल्या, बहुतांशी दलित असलेल्या मजुरांच्या वाट्याला बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या आल्या. बंगले उंचावर, मोकळ्या हवेत. मजुरांच्या ‘लाइनी’ दाटीवाटीने, एकाला एक लागून. वर्गभेद जमिनीवर किती स्पष्ट आखता येतो, हे इथे पायांना कळतं.

चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तळाशी खडक पोळत असे, दाबाने अचानक फुटत असे, आणि त्या स्फोटांत माणसं गाडली जात. वाचलेल्यांपैकी कित्येकांची फुप्फुसं सिलिकाच्या धुळीने निकामी केली. आज बाहेरून दिसतो तो गंजलेला लोखंडी मनोरा आणि कुलूपबंद फाटक. खाणीच्या याच खोलीचा उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी करून घेतला. डोक्यावरच्या खडकाने इतर वैश्विक किरण अडवले आणि 1965 मध्ये, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो कणांच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक इथे झाली. त्या यशाला खाणकामगारांचेही हात लागले आहेत, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

1956 मध्ये खाणी म्हैसूर सरकारकडे गेल्या, पुढे केंद्राकडे. तोट्याचं कारण देऊन 28 फेब्रुवारी 2001 रोजी भारत गोल्ड माइन्स या केंद्राच्या कंपनीने त्या बंद केल्या. तोवर आठशे टनांच्या आसपास सोनं इथून निघालं होतं.

बाहेरचे लोक याला ‘भुताचं शहर’ म्हणतात, तेव्हा मला राग येतो. लाइनींमधून चालताना दारात रांगोळी दिसते, तमिळ गाणी ऐकू येतात, शाळा सुटलेली मुलं अंगावरून धावत जातात. पहाट व्हायच्या आत इथली माणसं लोकल पकडून बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. गिरण्या बंद पडल्यावर मुंबईतल्या लालबाग-परळने जे सोसलं, ते आठवणाऱ्याला इथल्या माणसांच्या चालण्यातला थकवा ओळखीचा वाटेल.

आता डंपांमध्ये उरलेल्या सोन्याकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. ते काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने 2024 मध्ये संमती दिली. काम जरूर व्हावं. पण आधी धूळ रोखण्याची सोय व्हावी, लाइनींतल्या कुटुंबांची राहती घरं त्यांच्या नावावर व्हावीत, आणि नोकऱ्यांवर पहिला हक्क इथल्याच मुलामुलींचा असावा.