एक्सायटेड म्हणजे नेमके काय?



आपल्या वर्गातील मुलांच्या बोलण्यात सध्या एका शब्दाने फारच जागा अडवली आहे. तो शब्द म्हणजे ‘एक्सायटेड’. वाढदिवस आहे, एक्सायटेड. जुलैमध्ये भारतात जायचे आहे, एक्सायटेड. शाळा बदलणार, एक्सायटेड. उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचे, तिथेही एका चिरंजीवांनी हाच शब्द वापरला! आमची तक्रार इंग्रजीबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे पोट इंग्रजीवरच चालते. तक्रार आहे ती एकाच शब्दावर सगळा संसार रेटण्याबद्दल.

आम्ही अभियांत्रिकीला असताना विद्युत यंत्रांच्या विषयात ‘एक्सायटेशन’ नावाचा धडा होता. जनित्राच्या वेटोळ्यांत प्रवाह सोडून चुंबकत्व निर्माण करायचे. ते नसेल तर यंत्र नुसतेच गरगरते, कामाची वीज काही मिळत नाही. माणसाचेही तसेच. ‘एक्सायटेड’ म्हटल्यावर आत काहीतरी जागे झाले आहे एवढे कळते. पण आनंदाने उडी मारावीशी वाटते की पोटात गोळा आला आहे, हे त्यातून कळत नाही.

खरे तर इंग्रजीतही यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. ‘ईगर’ घ्या. जुन्या फ्रेंचमधल्या तीक्ष्ण, आंबट अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला. ‘व्हिनेगर’मध्ये शेवटी तोच शब्द बसला आहे! ‘ॲंक्शस’ आला तो गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. म्हणून कुणी ‘भेटायला ॲंक्शस आहे’ असे म्हणाले की त्यात उत्सुकतेबरोबर थोडी काळजीही असते. आणि ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे कापड ताणून वाळवण्याच्या चौकटीच्या आकड्यांवर अडकलेले असणे. आपण म्हणतो ‘जीव टांगणीला लागला’. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, वाट पाहणाऱ्या माणसाला टांगूनच ठेवले आहे.

आता मराठीकडे येऊ. ‘उत्कंठा’ म्हणजे उत् अधिक कंठ, मान उंचावून पाहणे. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला की नाही याची बातमी येईपर्यंत आपल्या मुसफ्फ्यात, शाबियाच्या इमारतींमध्ये, जी अवस्था असते ना, ती उत्कंठा! उद्या ईद की आणखी एक रोजा, हे ठरायचे असते. मुलांना सुटीची पडलेली असते, पण मान सगळ्यांचीच वर.

‘आतुर’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ आजारी, पीडित असा आहे. आयुर्वेदात रोग्याला आतुर म्हणतात. तेव्हा आतुरतेने वाट पाहणे ही साधी गोष्ट नव्हे, त्यात जीव कासावीस व्हावा लागतो. ‘उतावीळ’ मात्र कौतुकाचा शब्द नाही. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा उतावळा असतो. त्याला आतुर कुणी म्हणत नाही. आणि ‘ओढ’ म्हणजे तर सरळ खेचले जाणे. इथल्या औद्योगिक भागात गॅरेजांत आणि कारखान्यांत काम करणारी माणसे घरापासून महिनोन्महिने दूर राहतात. गावाकडच्या लेकरांबद्दल त्यांना वाटते ती ओढ. त्यांना जाऊन ‘एक्सायटेड का?’ असे विचारून पाहा!

आमचा सर्वांत आवडता शब्दप्रयोग मात्र अगदी साधा आहे: ‘वाट पाहणे’. येणाऱ्या माणसाकडे नव्हे, तर तो ज्या वाटेने येणार त्या वाटेकडे पाहत बसणे. आता आजी दारात न बसता फोनवर विमानाचा ठिपका समुद्रावरून सरकताना पाहते. तरी म्हणते तेच, ‘वाट पाहतेय रे.’ आणि पावसाची वाट पाहणारा चातक तर थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून भारतात येतो. म्हणजे तोही आपल्यासारखा समुद्रापलीकडचाच की!

हे सगळे शब्दांचे लाड झाले, असे काही पालक म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. आखातात कुणाचेच बिऱ्हाड कायमचे नसते. नोकरी संपते, कुटुंब परत जाते. मागे वर्गातील एक मुलगी अशीच कायमची भारतात जायला निघाली. जन्म इथला, मैत्रिणी इथल्या. निरोपाच्या दिवशी जो तो तिला विचारत होता, ‘एक्सायटेड ना?’ आणि ती प्रत्येकाला ‘येस’ म्हणत होती. दुसरे काय म्हणणार? प्रश्नातच उत्तर भरून ठेवलेले! शेवटी बाईंनी तिला जवळ घेऊन विचारले, ‘धाकधूक वाटतेय का गं?’ तेव्हा ती रडली, आणि मग बराच वेळ बोलली. नव्या शाळेत मराठी लिहिण्याचा वेग जमेल का, शेजारी कोण बसेल, सगळे बोलली. तिची भीती आधीपासून होतीच, पण ‘एक्सायटेड’मध्ये तिला जागा नव्हती.

‘हुरहूर’ हा असाच एक शब्द. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले आणि इथल्या शाळा २५ ऑगस्टला उघडल्या. भारतात सुटीला गेलेली मुले मखराची तयारी पाहून, ऐन दोन दिवस आधी परतली. त्या आठवड्यात वर्गात जे दिसत होते त्याला ‘सॅड’ म्हणून भागत नाही. मूर्ती तर इथेही घरोघरी आली, मोदकही झाले. तरी लक्ष तिकडेच. ही हुरहूर. याला इंग्रजीत नेमका शब्द आम्हाला तरी सापडलेला नाही.

हे शब्द पुस्तकी आहेत, मुले ते मैदानावर थोडेच वापरणार, असा एक आक्षेप असतो. ‘उत्कंठा’पुरता तो मान्य. पण धाकधूक, ओढ, हुरहूर हे काय पुस्तकातले शब्द आहेत? हे स्वयंपाकघरातले शब्द आहेत. घरात कुणी बोलले नाही तर ते मुलांच्या कानावर पडायचे कुठून? उलट आता ‘पोटात फुलपाखरे’ उडू लागली आहेत. आपल्या पोटात पूर्वापार गोळाच येत असे!

तर मुलांनो, या आठवड्यात आजी-आजोबांशी फोनवर बोलाल तेव्हा एक काम करा. आम्ही येणार असे कळले की तुम्हाला काय काय होते, असे त्यांना विचारा. कोकणातली आजी एक सांगेल, नागपूरची दुसरे, बेळगावची आणखी तिसरे. जो शब्द ऐकाल तो जसाच्या तसा, त्यांच्या गावाच्या नावासह चिठ्ठीवर लिहून शनिवारी बाईंच्या टेबलावर ठेवा. पुढच्या अंकात अर्धे पान त्यासाठी मोकळे ठेवले आहे.