ओडोमीटरचा आकडा आणि यंत्राची साक्ष

वेगासाठीच घडविलेली मोटार जुन्या बाजारात विकत घेताना ओडोमीटरवरील आकडा जितका लहान तितकी गाडी उत्तम, हा समज आज इतका दृढमूल झाला आहे की, विक्रेता जाहिरातीत तोच आकडा ठळक छापतो, गिऱ्हाईक प्रथम त्याचीच पृच्छा करते आणि सौद्याची रक्कमही बहुतांशी त्याच्याच आधाराने ठरते. हा समज अपुरा तर आहेच, पण पुष्कळदा घातकही ठरतो, असे माझे ठाम मत आहे. तथापि त्याचे खंडन करण्यापूर्वी त्याची बाजू न्यायबुद्धीने मांडणे अवश्य आहे.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, यंत्राचे भाग चालण्याने झिजतात, म्हणून कमी चाललेली गाडी कमी झिजलेली असणार. शिवाय अंतर ही मोजता येणारी गोष्ट असून बाकीचे सारे ज्याच्या त्याच्या मताचे खेळ आहेत. क्लच, ब्रेकच्या चकत्या, आसनांची कातडी यांच्यापुरते हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु इंजिन हा केवळ घर्षणाचा व्यवहार नव्हे. त्यात तेल आहे, तेलात साचणारे पाणी व आम्ल आहे, रबराची सीले आहेत, आणि या सर्वांवर अंतराचा नव्हे तर काळाचा अंमल चालतो.

उदाहरणादाखल पोर्शे ९११ या जर्मन गाडीची ‘९९६’ या क्रमांकाने ओळखली जाणारी पिढी घेऊ. १९६३ साली प्रथम लोकांसमोर आलेली ही गाडी तीस वर्षांहून अधिक काळ हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालली. १९९७ साली आलेल्या ९९६ ने पाण्याने थंड होणारे इंजिन प्रथम स्वीकारले. इंग्लंड-अमेरिकेत ही पिढी इतर ९११ गाड्यांच्या मानाने आवाक्यातल्या किमतीस मिळते, आणि तिकडे स्थायिक झालेल्या, शाळकरी वयापासून या गाडीचे चित्र मनात बाळगलेल्या मराठी गृहस्थाची नजरही साहजिकच तिच्याकडे वळते. हिच्या सामान्य प्रकारांतील इंजिनात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांच्या द्वारे कॅमशाफ्टकडे पोचविणारा एक मधला दांडा असून त्याच्या एका टोकास बंदिस्त बॉल बेअरिंग बसविलेले आहे. कालांतराने बेअरिंगचे सील खचते, आतील ग्रीस इंजिन ऑइलमध्ये धुऊन जाते आणि मग आत झिरपेल तेवढ्याच ऑइलवर त्या बेअरिंगला दिवस काढावे लागतात. ते फुटले की दांडा जागचा ढळतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ सुटून ते परस्परांवर आदळतात आणि सबंध इंजिन निकामी होते. अमेरिकेत या दोषावरून सामुदायिक दावा दाखल होऊन अखेर तडजोड झाली. बहुसंख्य इंजिने धडधाकट चालत राहिली हेही खरे; आणि टर्बो व जीटी३ या प्रकारांचे इंजिनच निराळ्या घडणीचे असल्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता जी गाडी महिनोन्महिने आच्छादनाखाली उभी राहिली, क्वचित जवळच्या फेरीपुरती बाहेर निघाली, पूर्ण तापण्यापूर्वीच बंद केली गेली, आणि ‘चाललीच कुठे आहे’ या सबबीवर जिचे ऑइल वर्षानुवर्षे बदलले गेले नाही, तिच्या त्या बेअरिंगची अवस्था काय असेल याचा विचार करावा. दूषित तेलात निश्चल पडून राहणे हे त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. उलट नियमाने चालविलेली, दरवर्षी ताजे ऑइल मिळालेली आणि लाखावर किलोमीटर झालेली गाडी या बाबतीत अधिक विश्वासार्ह, असा या गाड्या दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिरांचा अनुभव आहे. ओडोमीटरवरील लहान आकड्याला जादा किंमत मोजणारा मनुष्य अनेकदा हयगयीचीच किंमत भरत असतो.

बरे, तो आकडा तरी निर्विवाद आहे काय? या गाडीच्या इंजिन-संगणकात इंजिन किती तास चालले याची स्वतंत्र नोंद असते, आणि योग्य उपकरण जोडले की ती वाचता येते. इंजिन १,६०० तास चालले असून ओडोमीटर २४,००० किलोमीटर दाखवीत असेल, तर सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर पडतो. अखंड शहरी गर्दीत अडकलेल्या गाडीखेरीज हे संभवत नाही, आणि तशी गाडी असेल तर तिची झीज २४,००० किलोमीटरांची नव्हेच. त्याच संगणकात याहून मोलाची दुसरी एक नोंद आहे. इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेपलीकडे गेल्या तर त्या वेगश्रेणीत किती प्रज्वलने झाली आणि शेवटचा असा प्रसंग कितव्या तासाला घडला, हे तेथे टिपलेले असते. पाचव्या गिअरमधून चौथ्यात जाताना चालकाचा हात चुकून दुसऱ्यात पडला तर मागील चाकेच इंजिनाला बळाने फिरवितात, आणि इंधन तोडून फेऱ्या आवरणारी योजना अशा वेळी पूर्णपणे निरुपयोगी ठरते. असा प्रसंग घडला आणि त्यानंतर इंजिन शेकडो तास निर्वेध चालले, तर भीतीचे कारण थोडे. पण तो मागल्याच आठवड्यात घडला असेल, तर गाडी विक्रीस का निघाली याचा वेगळा खुलासा मागण्याची गरज उरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष असा की, जाणत्या माणसाने गाडी चालवून पाहिली म्हणजे पुरे. प्रत्यक्ष हे प्रमाण खरे, पण ते इंद्रिये पोचतात तेथवरच. विक्रेत्याने गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंड इंजिन सुरू होताना जे आवाज ऐकू यायचे ते कायमचे लपले; म्हणून इंजिनावरील झाकणावर हात ठेवून (९११ मध्ये ते मागे असते) इंजिन थंड असल्याची खात्री करणे हे परीक्षेचे पहिले कलम होय. बीएमडब्ल्यूच्या ‘ई४६’ पिढीतील एम३ ही गाडी चालविताना स्वर्गीय वाटेल, आणि तरीही मागील ॲक्सलचा सांगाडा जेथे जोडलेला असतो तेथील पत्र्याला तडे गेलेले असू शकतील. ते लिफ्टवर चढवून, दिवा हातात घेऊन, खालून पाहिल्यावाचून दिसत नाहीत.

धुराविषयी तर विशेष सावधगिरी हवी. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करावे हे आपल्या न्यायशास्त्राने शिकविले, परंतु हेत्वाभासही त्यानेच दाखवून दिले. ९११ चे सिलिंडर आडवे असतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत थोडे ऑइल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपते आणि सकाळी निळ्या धुराचा एक भपका निघतो, तो दोष नव्हे. तो धूर गाडी तापल्यावरही टिकला, एका बाजूची धुरनळी दुसरीपेक्षा काळवंडलेली दिसली आणि त्यात इंजिनातून टकटक ऐकू आली, तर मात्र सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडल्याचा संशय धरून स्पार्क प्लग काढावा व बोरस्कोप आत घालून भिंती डोळ्यांनी पाहाव्यात. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडाव्यात; तेथे लोखंडाची चमक दिसली तर त्या साक्षीपुढे विक्रेत्याच्या सर्व शपथा फोल आहेत.

संगणकाला यंत्र जोडले, दोष आढळला नाही, आता तपासणी कशाला, असेही काहीजण म्हणतात. दोषांची नोंद एका क्षणात पुसता येते. पुसल्यानंतर गाडीच्या स्वयंपरीक्षा अपुऱ्या राहिलेल्या दिसतात, आणि त्या तशा दिसल्या तर कोरी पाटी हाच पुरावा समजावा.

उलट टोकाचे मत असे की, वेगवान गाडी म्हणजे पिळून काढलेली गाडी, ती जुनी कधी घेऊच नये. हे मत भीतीतून आलेले आहे. तापलेले इंजिन जोरात चालविण्यासाठीच घडविलेले असते. थंड इंजिन पिळणे आणि सर्व्हिस चुकविणे हे खरे अपराध, आणि दोन्हींची खूण मागे उरते.

आता कागदपत्रे. सर्व्हिसचे पुस्तक शिक्क्यांनी भरलेले असले तरी पावत्या पाहाव्यात, कारण कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर, कोणते ऑइल घातले हे पावतीच सांगते. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने भरदार पण वयाने जीर्ण असतात, आणि वेगवान गाडीला ते सर्वस्वी अयोग्य. महाराष्ट्रात अशी गाडी घेणाऱ्याने आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा चढविलेला नाही ना, हे आरटीओच्या दप्तरी पाहावे. सातबारा न पाहता जो शेत घेणार नाही त्याने येथे तरी आळस का करावा? तसेच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा किती गाड्या पाण्यात बुडाल्या हे ज्या मुंबईने पाहिले तेथील ग्राहकाने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय आणि आसनाखालील रुळांना गंज चढला आहे काय, हे पाहिल्यावाचून राहू नये.

शेवटचा आक्षेप असा की, ही सारी झडती म्हणजे सभ्य विक्रेत्याचा अवमान होय. ज्याने गाडी जिवापाड जपली त्याला पावत्यांची फाइल पुढे ठेवण्यात आनंदच वाटतो, असे मला वाटते. खर्चाचे म्हणाल तर स्वतंत्र कारागिराकडून होणाऱ्या तपासणीची फी इंजिन नव्याने बांधण्याच्या खर्चाचा अत्यल्प अंश असते. म्हणून विसार देतेवेळीच पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे की, खरेदीदाराने निवडलेल्या कारागिराने, खरेदीदाराच्या खर्चाने, थंड इंजिनापासून तपासणी करावी, संगणकातील नोंदींची छापील प्रत घ्यावी, आणि अहवाल प्रतिकूल आल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत मिळावी. या अटीवर सही करण्यास जो राजी नसेल त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.