पुराणातली गोष्ट लिहायचीय? मग आधी पुस्तकं नीट निवडून घ्या



मंडळाच्या वर्धापनदिनाला एकांकिका बसवायची ठरते, दिवाळी अंकाची कथास्पर्धा जाहीर होते, नाहीतर नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन येतं आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात. “तुम्ही लिहिता ना? मग द्या की एखादं द्रौपदीवर नाहीतर सीतेवर!” आपण हो म्हणून बसतो, आणि रात्री ओटा आवरताना धाकधूक सुरू होते. गोष्ट तशी माहीत असते, पण ऐकीव. मूळ ग्रंथ संस्कृतात. मराठी भाषांतरं म्हणावी तर कपाट भरेल एवढी. मग लिहायचं कशाच्या जोरावर?

अशा वेळी बऱ्याच जणी एक सोपी वाट धरतात. मालिकेत पाहिलेलं आठवून लिहितात. तेवढं मात्र करू नका बरं का! मालिकेतली द्रौपदी आधीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तिचीच नक्कल पुन्हा वाचायला कोणाला हौस असणार?

आपल्या मराठीत या गोष्टी सोप्या करून सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. फक्त कोणतं पुस्तक कशासाठी, हे कळलं पाहिजे. डाळ शिजवायचा आणि पापड भाजायचा विस्तव आपण वेगवेगळा ठेवतो ना, तसंच आहे हे.

पहिली पायरी म्हणजे गोष्टीचा सांगाडा. कोण कोणाचा कोण, आधी काय झालं आणि मग काय, एवढं समजायला लहान मुलांची पुस्तकं उत्तम. त्यात लाज कसली? अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ अर्ध्या तासात वाचून होतात. थोडं सविस्तर हवं असेल तर राजाजींचं, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं महाभारत बघा. मात्र सांगाडा तो सांगाडाच. मुलांसाठी लिहिताना अवघड प्रसंग गाळलेले असतात, आणि कथालेखिकेला नेमके तेच हवे असतात.

दुसरी पायरी कोशाची. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ 1932 साली निघाला. पं. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांचा आहे. गावातल्या जुन्या वाचनालयात यांपैकी एखादा बहुधा सापडतोच. घरी नेऊ देत नसतील तर तिथंच बसून टिपून घ्यावं. चरित्रकोशात व्यक्तीच्या नावाखाली तिची हकीकत कोणत्या पर्वात, कोणत्या पुराणात आली आहे ते दिलेलं असतं. याचा फायदा असा, की सगळा ग्रंथ चाळायची गरज उरत नाही. नेमका अध्याय काढायचा आणि तेवढाच वाचायचा.

मग तिसरी पायरी, मुळाचं भाषांतर. विसाव्या शतकाच्या सुरवातीला चिपळूणकर आणि मंडळींनी संपूर्ण महाभारत मराठीत आणलं. भाषा जुन्या वळणाची आहे, पण चार पानं वाचली की सवय होते. सावित्रीची गोष्ट वनपर्वात आहे, शकुंतलेची आदिपर्वात. तुम्हाला अठराही पर्वं वाचायची नाहीत, आपल्या नायिकेपुरते पाच-सात अध्याय वाचायचे आहेत. दुपारच्या झोपेतला अर्धा तास आठवडाभर काढलात तरी पुरे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं म्हणाल. तर शकुंतलेचंच बघा. आपल्याला ठाऊक असलेली शकुंतला कालिदासाची. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून निघालेली खूण आणि डोळ्यांत पाणी आणून परत फिरलेली ती. महाभारतातल्या गोष्टीत मात्र शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथली शकुंतला आपल्या जन्माची हकीकत दुष्यंताला स्वतःच सांगते. ‘माझ्या पोटी येईल तोच मुलगा राजा झाला पाहिजे’ अशी अट घालते आणि मगच गांधर्वविवाहाला मान डोलावते. पुढे वाढत्या वयाच्या मुलाचा हात धरून ती भर दरबारात उभी राहते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. मग ही बाई गप्प बसत नाही हो! पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे ती त्याला खडखडीत सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो, की मला माहीत होतं, पण लोकांची खात्री पटायला हवी होती.

आता सांगा, यात तुमच्या एकांकिकेचा मसाला किती आहे! कालिदासाने शाप आणून राजाचा दोष हलका केला. त्याचं नाटक थोरच, त्यात वाद नाही. पण आपल्या मुलींना आपण फक्त रडणारी शकुंतला सांगत आलो आणि बोलणारी तशीच पुस्तकात राहिली. कोणती गोष्ट आपण उचलतो, यावर आपली नायिका तोंड उघडणार की नाही, ते ठरतं. म्हणून एकच पुस्तक वाचून लेखणी हातात घेऊ नये.

अशी तफावत ठिकठिकाणी आहे. अहल्येची शिळा झाली हे आपण लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होत नाही. कोणाच्या दृष्टीस न पडता, राखेत, वारा खाऊन ती तप करीत राहते. लक्ष्मणरेषाही वाल्मीकींच्या रामायणात नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदीने त्याला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवलं, असं आपण सहज बोलतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 ते 1966 या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. पडल्या वेळी हसतात ते भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ. द्रौपदी बायकांसह हसली, असं दुर्योधन नंतर बापाला सांगतो. म्हणजे ती खरंच हसली होती, की त्याच्या जळफळाटाला ती हसताना दिसली? बघा, एका प्रश्नात एक अख्खी कथा दडली आहे.

चौथी पायरी म्हणजे विचार करायला लावणारी पुस्तकं. दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ (1962) आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (1967) ही दोन घरात असायलाच हवीत. ‘युगान्त’ला 1968 चं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे माणूस म्हणून कसं पाहायचं, ते इरावतीबाई शिकवतात. सीतेवर लिहायचं असेल तर तारा भवाळकरांचं ‘सीतायन’ मिळवा. लोकपरंपरेतली सीता तिथे भेटेल.

आणि हो, घरातली शिदोरी विसरू नका. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ कित्येक घरी चातुर्मासात वाचले जात. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतले हे ग्रंथ, पण ओवी इतकी सोपी की अडत नाही. जात्यावरच्या ओव्या तर आपल्याच. हेमा राइरकर आणि गी पोयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आता मोबाइलवर घरबसल्या ऐकता येतात. सीतेचा वनवास गाताना या बायका स्वतःचा सासुरवासच गातात. तुमच्या आजीला, मावशीला एखादी ओवी आठवत असेल तर आजच लिहून घ्या. ती कोणत्याही ग्रंथालयात मिळायची नाही.

कादंबऱ्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत. खांडेकरांची ‘ययाति’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, रणजित देसाईंची ‘राधेय’ जरूर वाचा, पण आपला कच्चा खर्डा झाल्यावर. नाहीतर त्यांचे संवाद नकळत आपल्या लेखणीतून उतरतात. शिवाय कादंबरीकाराने काही पात्रं स्वतःची घातलेली असतात. ‘ययाति’तली अलका ही खांडेकरांची, व्यासांची नव्हे. ती आपल्या नाटकात घ्यायची तर परवानगी लागते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. खांडेकर 1976 साली गेले, म्हणजे तो हक्क 2036 अखेरपर्यंत आहे. व्यास, वाल्मीकी, एकनाथ, श्रीधर, मोरोपंत यांना मात्र विचारायला नको; ते सगळ्यांचेच.

वाचून झालं, आता लिहायचं कसं? एक सोपी रीत सांगते.

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मुळातला प्रसंग, पर्वाच्या किंवा कांडाच्या नावासह. दुसऱ्यात तोच प्रसंग दुसऱ्या कोणी कसा सांगितला ते. तिसऱ्यात तुमचा प्रश्न. उदाहरणार्थ सावित्री. मुळात तिचा बाप तिला रथात बसवून सांगतो, की तुझा नवरा तूच शोध. आपण कथेत वडाच्या फेऱ्यांपासून सुरवात करतो आणि ही निवड करायला निघालेली मुलगी विसरून जातो. तिसऱ्या रकान्यात लिहा: ‘वर्षभरातच हा जाणार, हे नारदांनी सांगूनही ती मागे का हटली नाही? ते वर्ष तिने सासूपासून कसं लपवलं?’ तुमची कथा या रकान्यातून निघणार.

मग कोणाच्या तोंडून सांगायची ते ठरवा. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. त्यात 56 गीतं, आणि ती बहुतेक वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत. गोष्ट तीच, पण बोलणारं माणूस बदललं की रंग बदलतो. सावित्रीची गोष्ट तिच्या सासूने सांगितली तर? आंधळा नवरा, गेलेलं राज्य, आणि रानात आलेली ही राजाघरची सून. करून बघा.

मंडळात एखाद्या काकू म्हणतीलच, “अगं, असं नव्हतं हो ते!” त्यांच्याशी वाद घालू नका. वही पुढे करा आणि नम्रपणे सांगा, “काकू, आदिपर्वात असं आहे. तुम्ही म्हणता ते कालिदासाचं.” काकूही खूश आणि आपलीही बाजू भक्कम. जिथे स्वतःची कल्पना घातलीत तिथे ती आपली आहे, असं निवेदनात सांगून टाका. श्रद्धेने ऐकणाऱ्याची फसगत होऊ नये.

आणि संस्कृत येत नाही म्हणून मागे सरू नका. जात्यावर बसलेल्या त्या बायकांना तरी कुठे येत होतं? तरीही सीता त्यांनी आपली केलीच ना! या महिन्यात एकच नायिका घ्या, तिचे पाच-सात अध्याय वाचा, तीन रकाने भरा. निदान वही आणि पेन तरी आज डब्यांच्या फळीवर, हाताशी येईल असं ठेवा.