खुर्चीला बोलू द्या की राव!

रिअॅलिटी शोमधला माझा सगळ्यात नावडता टास्क म्हणजे ‘फ्रीज-रिलीज’. स्पीकरवरून ‘फ्रीज’ असा आवाज आला की माणसाने जिथे आहे तिथे लाकूड व्हायचं. घास हातात असेल तर हातातच. मग दार उघडतं, कित्येक आठवडे न भेटलेलं घरचं माणूस आत येतं, गळ्यात पडून रडतं, आणि आपला गडी स्टूलासारखा उभा! कॅमेरा डोळ्यांवर. टीआरपी!!

मराठी ‘बिग बॉस’चा पहिला सीझन २०१८ मध्ये आपल्या लोणावळ्यातल्या घरात झाला. घरात भूषण कडू, आरती सोळंकी, विनीत भोंडे, म्हणजे लोकांना हसवण्यावरच ज्यांचं नाव झालं अशी माणसं. पुढे घर गोरेगावच्या फिल्मसिटीत गेलं, पण सदस्याने गप उभं राहावं ही हौस काही गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, नटाला वस्तू बनवलं तर एवढं काय बिघडलं? अहो, काहीच नाही! आपल्याकडे ती जुनी मजा आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात आलं, त्यात माणसांच्या रांगेचीच भिंत होती. ती भिंत गाते, डुलते, हवं ते लपवते, नको ते दाखवते. तमाशात तर सेट नावाची भानगडच नाही. ब्रिटनमध्ये १९८८ला सुरू झालेल्या ‘हूज लाइन इज इट एनीवे’च्या अमेरिकन आवृत्तीत ‘लिव्हिंग सीनरी’ नावाचा खेळ असतो. दोघं सीन करतात आणि खुर्ची, गाडी, दिवा सगळं जिवंत माणसांचं. यूट्यूबवर बघा, पोट दुखेल.

मी स्वतः कॉलेजच्या एका एकांकिकेत दरवाजा होतो. (हसू नका.) पण कधी कुरकुरायचं हे माझं मी ठरवायचो, आणि त्या कुरकुरण्यावर हशा यायचा. फरक एवढाच आहे हो. वस्तू झालेल्या नटाकडे काहीतरी करायला हवं. या टास्कमध्ये नेमकं तेच कापून टाकलंय. समोरच्याला प्रतिसाद देणं हे ज्याचं पोट, त्याला सांगायचं की प्रतिसाद दिलास तर नियम मोडलास. मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यात जा, दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी जोडपी याच्यापेक्षा मोकळी दिसतात.

“पैसे मिळतात ना? करारावर सही केलीये ना?” हा ऑफिसातल्या कॅन्टीनमधला ठरलेला डायलॉग. मिळतात की. पण सही केली म्हणजे त्याचा जो वापर होईल तो चांगलाच, हे कुठलं लॉजिक? बॉण्डवर सह्या करून बेंचवर बसलेल्या आपल्यासारख्यांनी तरी हे बोलू नये. आणि मला त्या नटाची दया-बिया येत नाहीये. प्रेक्षक म्हणून माझं नुकसान होतंय त्याचा राग आहे. चांगला कॉमेडियन घरात असताना मला त्याचा पुतळा का दाखवता?

नियम एकच बदला. ‘फ्रीज’ म्हटलं की प्रत्येकाने घरातली एक वस्तू व्हायचं, पण बोलायचं. सोफा झालेल्या माणसाला पाच मिनिटं द्या. रात्री कोण माईक झाकून कुजबुजलं, कोण उशीत तोंड खुपसून रडलं, सकाळी गळ्यात गळे घालणारे दुपारी कुणाचं नाव घेत होते, सगळं त्या सोफ्यावरच झालेलं असतं.

मग त्या सोफ्याला नॉमिनेट करून दाखवा!