गादी आणि भेंडीचं टोक

दोह्यात द पर्ल बेटावर, मदिना सेंट्रालच्या बाजूला एका फर्निचरच्या दुकानात परवा दीड तास गेला. गादी आम्हाला घ्यायची नव्हती, मित्राला घ्यायची होती. आणि मित्राला म्हणजे अर्थातच वहिनींना. दुकानात तीसेक पलंग, प्रत्येकावर गादी आणि प्रत्येक गादीच्या पायथ्याशी रेक्झिनची एक पट्टी. बूट न काढता आडवं होता यावं म्हणून केलेली सोय. त्या दीड तासात सहा-सात कुटुंबं येऊन गेली. बहुतेक भारतीय, त्यातली दोन बोलण्यावरून आपलीच. पट्टीला कुणाचा बूट लागला नाही. सगळ्यांची परीक्षा एकच: तळहाताने दोनदा दाबायचं, कडेला टेकायचं, टेकल्या टेकल्या एकदा हलकंसं उसळून बघायचं आणि किमतीची चिठ्ठी उलटायची. एवढ्या भांडवलावर पुढच्या आठ-दहा वर्षांच्या रात्रींचा सौदा.

हेच लोक टोक मोडल्याशिवाय पाव किलो भेंडी घेत नाहीत. नारळ कानाशी हलवतात, आंब्याच्या देठाशी नाक नेतात, साडीचा पदर उजेडात धरून उलटासुलटा करतात. दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या मोजायची आपल्याला सवयच नाही. गादीपाशी आलो की मात्र अंगात एकदम सभ्यता संचारते.

कारण उघड आहे. चारचौघांत आडवं व्हायचं नसतं. सासरे बाहेरून आले की लवंडलेली सून उठून बसते. पाहुणे आले की आजारी माणूससुद्धा उशीला टेकून बसता होतो. भाषेलाही गादीवर झोपणं ठाऊक नाही. मराठीत गादीवर बसतात, गादी चालवतात, गादीसाठी भाऊ भाऊ भांडतात. पेढीवरची गादी असो की मठातली, ती बसायचीच वस्तू. तेव्हा दुकानात आपण बसून बघतो यात परंपरा आहे, असं म्हणायला हरकत नाही. अंथरूण पाहून पाय पसरायला सांगणाऱ्या म्हणीने आपलं आणखी नुकसान केलं. दुकानात पाय पसरल्याशिवाय अंथरूण दिसतच नाही.

पूर्वी हे चालून जायचं, कारण गादी तयार मिळत नव्हती. पिंजारी दारात यायचा, धनुकलीच्या तांतीचा आवाज गल्लीभर घुमायचा, अंगणात कापसाचा ढीग फुलायचा आणि आजी शेजारी बसून ‘मध्ये जास्त भर रे बाबा, तिथंच खड्डा पडतो’ असं सांगायची. दोन-तीन वर्षांनी कापूस दबला, गोळे झाले की गादी उसवायची, पिंजायची, परत भरायची. मधल्या काळात गच्चीवर ऊन दाखवायचं. म्हणजे परीक्षा घरीच व्हायची आणि नापास झालेल्या गादीला पुन्हा बसता यायचं. फोमच्या गादीला पुन्हा भरणं नाही. तिला वॉरंटी असते, आणि ती वॉरंटी साधारणपणे गादीला पडलेल्या खड्ड्याची असते, तुमच्या पाठीची नसते.

शिवाय तळहात हा या बाबतीत अगदी कच्चा परीक्षक. त्याला वरचं दोन इंचांचं अस्तर कळतं. खाली काय आहे ते कंबरेलाच कळतं. रोज ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहिल्याशिवाय खांदा आणि खुबा किती आत जातो, मणका सरळ राहतो की नाही, हे समजत नाही. उताणं पडून कमरेच्या पोकळीत हात सरकवून बघावा: सरळ आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. गादी दोघांची असेल तर दोघांनी एकदम पडावं, एकाने कूस बदलावी आणि दुसऱ्याने डोळे मिटून किती हललं ते सांगावं. आणि उशी घरची न्यावी. उशी काखोटीला मारून पोर्टो अरेबियाच्या धक्क्यावरून, यॉटींच्या रांगेसमोरून चालत जाणं धाडसाचं आहे, मान्य. पण उशी बदलली की मानेचा हिशेब बदलतो.

मेमरी फोमची गंमत निराळीच. नासाच्या कामातून, विमानाच्या आसनांसाठी म्हणून १९६६ साली हा फोम जन्माला आला. त्याचा स्वभाव असा की गारव्यात तो ताठतो आणि ऊब लागली की सैलावतो. दोह्यातल्या दुकानांत एसी असा लावलेला असतो की जुलै महिन्यात शाल घ्यावीशी वाटते. त्या थंडीत ‘छान टणक आहे’ म्हणून दाबून घेतलेली गादी घरी, अंगाखाली, मध्यरात्री वेगळीच निघते. तीन मिनिटांत ते उमगणार नाही. तळहाताला तर नाहीच.

टणकपणाचं हे वेडही तपासून बघण्यासारखं आहे. ‘डॉक्टरांनी कडक गादी सांगितली आहे’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हटलेलं असतं. दुकानदारांनाही ते पाठ असतं. ‘ऑर्थोपेडिक’ एवढं छापलं की पुढचं आपणच बोलतो. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ माणसांवर हा प्रयोग करून झाला आहे. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक. कुणाला कोणती, ते सांगितलं नाही. ९० दिवसांनी दुखणं जास्त कमी झालं होतं ते मध्यम गादीवाल्यांचं. ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली हे छापून आलं. वीस वर्षं उलटून गेली, तरी बातमी आमच्या मित्रापर्यंत पोहोचलेली नव्हती.

पारखीचं म्हणाल तर, ज्या जागी द पर्लचं हे बेट भर घालून उभं केलं, तिथं एके काळी मोत्यांसाठी बुड्या मारल्या जात. आखातातला मोती मग मुंबईच्या बाजारात यायचा. व्यापारी तो पितळी चाळण्यांतून काढायचा, तराजूत टाकायचा, उजेडाकडे धरून पाणी बघायचा. वाटाण्याएवढ्या वस्तूसाठी एवढा खटाटोप. आज त्याच जागेवरचे बरेच फ्लॅट सामानासकट भाड्याने मिळतात. करारासोबत यादी येते: सोफा एक, फ्रिज एक, पलंग दोन, गाद्या दोन. फ्रिज चालू करून बघतात, नळ सोडून बघतात, गादीसमोर ‘आहे’ अशी खूण होते. एवढं भाडं मोजणारा माणूस आपल्याआधी तिथं कोण, किती वर्षं, कोणत्या कुशीवर झोपला होता याची चौकशी करत नाही.

आमच्या मित्राच्या बिलावर छापलं होतं की प्लास्टिक फाडलं की माल परत नाही. जर्मनीतल्या एका गृहस्थांचं नेमकं याच प्लास्टिकवरून दुकानाशी वाजलं होतं. त्यांनी ऑनलाइन गादी मागवली, वेष्टन काढलं आणि गादी परत करतो म्हणाले. दुकानाने स्वच्छतेचं कारण पुढे केलं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २७ मार्च २०१९ रोजी निकाल लागला की गादी ही कपड्यासारखी आहे. घालून बघितलेला कपडा जसा साफ करून परत विकता येतो तशी गादीही. हॉटेलात एकाच गादीवर एकामागून एक पाहुणे झोपतातच की, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. हा लाभ अर्थात युरोपात, आणि ऑनलाइन घेणाऱ्याला. दुकानात जाऊन घेणाऱ्याला तो नाही, कारण त्याने माल समक्ष बघून घेतला असं धरलेलं असतं. बघून, म्हणजे दाबून!

दुसरं टोक चीनमध्ये आहे. तिथं आयकियाच्या दुकानांत लोक बूट काढून, पांघरूण ओढून दुपारच्या दुपार घोरतात. २०१५ साली बीजिंगच्या दुकानाने मनाई करून पाहिली, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. इतकं पुढे जायला आम्ही सांगत नाही.

द पर्लवरच्या त्या दुकानात विक्रेत्याला विचारलं, यातली चांगली कोणती? पोरगा नेपाळचा होता, हिंदी उत्तम. यातल्या एकीवरही मी झोपलेलो नाही, असं त्याने सरळ सांगितलं. राहायला कंपनीची खोली, खोलीत चार खाटा, गाद्या कंपनीच्या. पण गिऱ्हाइकांबद्दल त्याला सगळं माहीत होतं. आडवं कोण होतं, या प्रश्नावर तो हसला आणि भिंतीकडच्या पलंगाकडे बोट केलं.

तिथं आपल्याच एका कुटुंबातली सहाएक वर्षांची मुलगी होती. सँडल नीट काढून खाली जोडून ठेवलेले. आधी ती उताणी पडली, मग डाव्या कुशीवर झाली, मग उजव्या. गुडघे पोटाशी घेतले, गाल गादीला लावला आणि डोळे मिटून पडून राहिली. आई पलीकडच्या रांगेतून लगबगीने आली. ‘ऊठ आधी, लोक बघतायत,’ म्हणाली, तिला दंडाला धरून उठवलं, आणि शेजारची गादी तळहाताने दोनदा दाबून पसंत केली.